तिसऱ्या मजल्यासाठी प्रेमगीत

साधनाने आठवडाभर अबोला धरला होता आणि आपला गुन्हा काय, ते शैलेंद्रच्या डोक्यात शिरत नव्हतं. तो नुसता हसला होता. तिच्या लाडक्या स्पॅनिश गाण्यांतला गडी म्हणे प्रेयसीवाचून जळतो. तिच्या कादंबऱ्यांतले नायक तर ऊठसूट मरायलाच टेकलेले.

"यांना नोकरीधंदा नाही का?" शैलेंद्र म्हणाला होता. "रोज कामाला वुडलँड्सहून चांगीला, अख्खं सिंगापूर ओलांडून जा म्हणावं. सगळी आग विझेल."

"तू माझ्यासाठी कधी जळलास?"

"इन्शुरन्स काढलाय की," हे महापुरुष उत्तरले.

तेव्हापासून घरातला कारभार लेकीमार्फत चालला होता. "पपा, ममा सेज डिनर रेडी," जाई सांगायची आणि पदरचा सल्ला जोडायची, "जस्ट सिंग फॉर हर, लाह."

आता गायचंच तर माणूस घरात गाईल. पण गाण्यातला नायक खिडकीखाली उभा राहतो, म्हणून हाही संध्याकाळी ब्लॉकखाली जाऊन उभा राहिला. त्यातून याच ब्लॉकमध्ये महाराष्ट्र मंडळाची चार घरं. लोक काय म्हणतील? म्हणून साहेबांनी मोठी टोपी, काळा गॉगल आणि कोविडमधला उरलेला मास्क चढवला. जन्माचं प्रेम जाहीर करायला निघाले, तेही तोंड लपवून.

देवनागरीत लिहून घोकलेलं स्पॅनिश गाणं त्याने भसाड्या आवाजात सुरू केलं. अर्थाशी त्याचा काही संबंध नव्हता. मजल्यामजल्यावरून माणसं वाकली, बायकांनी शूटिंग सुरू केलं. तिसऱ्या मजल्यावर साधनाच्या खिडकीत मात्र चिटपाखरू नाही. दुसऱ्या कडव्याला वरून एक चिनी आंटी ओरडल्या, "सो नॉइझी! आय कॉल पोलीस, आ!" प्रियकराने धूम ठोकली.

टोपी-मास्क पिशवीत कोंबून तो घरी आला, तर साधना कानात हेडफोन घालून तसलीच गाणी ऐकत भाजी चिरत होती. शैलेंद्र सोफ्यावर कोसळला. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि ती आठवड्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"बघ. याला म्हणतात प्रेम."

त्याचा ऊर भरून आला. "अगं, तो मीच."

"तू?" ती पोट धरधरून हसली. "पाचव्या मजल्यावरचा प्रबोध आहे तो. बायकोसाठी, श्रियासाठी गायला. सगळ्या अभिनंदन करतायत आणि तो बिचारा नुसता लाजरा इमोजी टाकतोय. नाहीतर तू."

शैलेंद्रने पुरावा म्हणून उभं राहून तेच गाणं सुरू केलं. पहिल्याच ओळीला साधनाने हात वर केला.

"पुरे. त्याची नक्कल करू नकोस. त्याच्या आवाजात आग आहे."