आप्पांचा दोनचा भोंगा

फोरमन आप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवरचं बटण बघतात, मग माणूस. आमच्या वास्तुशांतीला आले तेव्हा चप्पल काढायच्या आधी प्लगच्या तिसऱ्या भोकात टेस्टर खुपसला आणि मंत्र म्हणणाऱ्या गुरुजींना म्हणाले, "तुमचं चालू द्या महाराज. पर घराला अर्थिंग न्हाई."

मी सिरसाळ्याच्या शाळेत बाई. आप्पांची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे हे मी रोज ऐकते. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ अर्थिंग, असं त्यांचं ठाम मत आहे. कुणाचा जावई रुसला? "अर्थिंग न्हाई त्याला." पुढारी भाषणात घसरला? "हुशार हाय गडी, पर अर्थिंग कच्ची." म्हणजे नेमकं काय, हे विचारायची सोय नाही. विचारलं की ते खडूनं फरशीवर आकृती काढतात आणि ती मला पुसावी लागते.

आप्पा सहकारी साखर कारखान्यात वीजखात्याचे फोरमन होते. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असा कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि आमचं गाव त्यावर चालायचं. सहाला चहा, दोनला जेवण. दहाच्या भोंग्याला मात्र कुत्र्यांशिवाय कुणी दाद देत नसे. मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं. ऊसच नाही तर बॉयलर पेटवणार कशासाठी? तोडणीवाले कर्नाटकात गेले आणि भोंगा बंद पडला.

दुसरा कुणी असता तर गुडघे धरून ओट्यावर बसला असता. आप्पांनी कॉम्प्युटर बनवला. मदरबोर्ड अंबाजोगाईहून, पडदा परळीच्या भंगारातून, आणि डबा म्हणून त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, पत्र्याची ट्रंक. वहिनींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ट्रंकेला त्यांनी भोक पाडून पंखा बसवला. पंखा फिरला की खोलीभर अजून डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. शेवटच्या हंगामात मोबाईलवर भरून घेतलेला भोंगा त्यात घातला, घराच्या धाब्यावर कर्णा बांधला आणि सहा, दोन, दहाला गावात पुन्हा भोंगा सुरू झाला. मी भांडायला गेले होते. "आप्पा, रात्री दहाचा तरी बंद करा!" तर म्हणतात कसे, "बाई, तिसरी पाळी काय वाऱ्यावर सोडू?"

एका रविवारी दोनचा भोंगा झालाच नाही.

सव्वादोनला भिंतीपलीकडून आदळआपट ऐकू आली म्हणून गेले. आप्पा ट्रंकेत कमरेपर्यंत वाकलेले.

"पंखा फिरतो, पडदा काळा. तीन शिट्ट्या देतो आन् गप बसतो. रॅम हाय. धूळ बसली आसंल. बाई, खोडरबर हाय का?"

माझ्या पर्समध्ये खोडरबर कायम असतं. त्यांनी हिरवी पट्टी उपसली, तिचे पितळी दात घासून घासून लखलखीत केले आणि परत बसवली. बटण दाबलं. आता पंखाही फिरेना.

"आता तर पार गेलं," मी म्हटलं.

"गेलं न्हाई. अर्थिंग सुकली." ते ताडकन उठले, कोपऱ्यातली भरलेली बादली उचलली आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात भडाभडा ओतली! टँकर चौथ्या दिवशी येतो. ते त्यांचं दोन दिवसांच्या आंघोळीचं पाणी होतं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, माणसाला प्यायला नाही आणि तुम्ही जमिनीला का पाजताय?"

"खड्ड्यातलं मीठ-कोळसा वलं पायजे, तवा अर्थिंग धरती. माझी आंघोळ ऱ्हाऊ द्या. कासीम उपाशी बसलाय तिकडं."

कासीमभाई म्हणजे कारखान्याचे बॉयलरवाले. तीस वर्षं दोघांनी एकाच पाळीत काम केलं. आता कासीमभाईंची नजर गेलीय आणि साखरेचा आजार आहे. गोळी घेतल्यावर वेळेत जेवले नाहीत तर चक्कर येते. पलीकडच्या गल्लीतच राहतात.

"मग जाऊन सांगा की दोन वाजले म्हणून!"

"सांगून जेवत न्हाई त्यो. तीस वर्सं भोंग्यावर जेवलाय."

"मग मोबाईलवरनं वाजवा."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाला शिळा नैवेद्य दाखवा म्हटलं होतं. "कारखान्याचा भोंगा मोबाईलवर? बाई, शाळेत हेच शिकवता का?"

मग एकेक वायर काढली, फुंकली, परत लावली. अडीच वाजले. पावणेतीन होत आले. आप्पांनी तीच वायर तिसऱ्यांदा काढून फुंकली तसा माझा राग विरघळला. खरं सांगते, मला रडूच यायला लागलं होतं. शेवटी ते टेबलाखाली वाकले आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पांढरा चिनी मातीचा फ्यूज निसटून टप्पकन माझ्या पायाशी पडला.

आम्ही दोघांनी फ्यूजकडे पाहिलं.

कारखान्याचा नियम असा, की मशीनला हात लावणाऱ्यानं आधी फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी लाईट चालू करणार नाही. घरात एकटा माणूस, मागून कोण येणार आहे? पण नियम म्हणजे नियम. रॅम घासायच्या आधी आप्पांनी अख्ख्या घराचा फ्यूज काढून खिशात टाकला होता, आणि अर्धा तास बिघाड शोधत होते.

त्यांनी फ्यूज बसवला. बटण दाबलं. पंखा घरघरला, डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला, पडदा उजळला आणि पावणेतीनला दोनचा भोंगा झाला. चौकातल्या चहावाल्यानं म्हणे घड्याळ मागं केलं.

"बघितलं?" आप्पा म्हणाले. "अर्थिंग."

भाकरी-पिठलं फडक्यात बांधून ते धावत सुटले. मी वांग्याची भाजी घेऊन मागोमाग गेले. कासीमभाई ओट्यावर झाकलेलं ताट पुढ्यात घेऊन बसलेले. आप्पा हात धुवायला आत गेले तशी मी कासीमभाईंवर घसरले.

"चाचा, अहो पावणेतीन वाजून गेले. चक्कर आली असती म्हणजे? तुमची सून शबाना वेळ सांगत नाही का तुम्हाला?"

"सांगती की." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन वाजल्याचं कवाच सांगितलं तिनं. गुळाचा खडाबी तोंडात कोंबला."

"मग जेवला का नाहीत?"

"मी जेवून घेतलं तर त्यो कुनाबरुबर जेवंल, बाई? वहिनी गेल्यापास्नं घरात त्याच्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. कारखाना बंद पडल्यावर दोन म्हैने नुसता चहा पिऊन ऱ्हायला. मंग मीच म्हनलो, भोंग्याबिगर मला भूक लागत न्हाई. आता हितं येतो, दोन भाकरी खातो. त्याला वाटतं कासीम उपाशी ऱ्हाईल. वाटू द्या."

मी पदर डोळ्यांना लावला तेवढ्यात आप्पा हात झटकत बाहेर आले.

"काय कुजबूज चाललीया बे?"

"कायी न्हाई. फोरमनला आज अर्धा दिस खाडा लावा म्हनलं. भोंगा लई लेट झाला."

आप्पांनी भाकरी मोडली, मोठा तुकडा कासीमभाईंच्या हातात ठेवला आणि मला म्हणाले, "बघा बाई. मी आलो न्हाई तर जेवायचाच न्हाई ह्यो मानूस."

"हो आप्पा," मी म्हटलं. "तुम्ही आहात म्हणून."

कासीमभाई मान खाली घालून जेवत होते, पण हसू काही त्यांना दाबता येत नव्हतं.