मागच्या अ‍ॅक्सलवरचं ज्ञान

धाकट्या भावाचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते. ‘दादा, वहिनींना घेऊन इकडेच राहायला ये. वरची खोली रिकामी आहे. काय ते कळव.’ निवृत्त ग्रंथपालांनी उत्तराचे कितीतरी मसुदे केले. एकही पसंतीस उतरला नाही. शेवटी पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट खिशात तसंच राहिलं आणि बायकोने ट्रक ठरवला.

हमालांना ग्रंथपालांनी एकच सूचना केली: पुस्तकांची खोकी सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे उतरवताना आधी हाती लागतील. आयुष्यात पहिल्यांदाच ते ठामपणे काही बोलले, आणि नेमकं तेच लोकांनी ऐकलं.

वाटेत वजनकाट्यावर निरीक्षकाने ट्रक अडवला.

"एकूण वजन ठीक आहे. पण मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांवर, मर्यादेपेक्षा जास्त पडतंय."

"एकूण ठीक असेल तर मग..." ग्रंथपाल पुटपुटले.

"काका, सगळे बाकाच्या एकाच टोकाला बसले तर बाक एकूण वजन विचारत बसतो का? मागे भरलंय काय?"

"ज्ञान," बायको म्हणाली.

"मग ते पुढे सरकवा. नाहीतर जास्तीचं इथेच ठेवून जा."

ग्रंथपालांचा चेहरा उतरला. कपाट, पलंग, गाद्या रस्त्यावर आल्या. सगळी खोकी केबिनला टेकवून रचली. पुन्हा काटा. आता पुढचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर.

"एवढं सगळं वाचलंय का तुम्ही?" घाम पुसत ड्रायव्हरने विचारलं.

"निवृत्तीनंतर वाचणार होतो."

"तो वेळ मसुद्यांत गेला," बायकोने खुलासा केला. मग पदर खोचून तिने ट्रकचा ताबा घेतला. खोकी तळाला सपाट पसरली, त्यांवर पलंग, पलंगावर कपाट. काट्याने मुकाट्याने मान्यता दिली.

ग्रंथपालांनी नापास झालेल्या वजनाची पावती उलटी केली आणि एका दमात, खाडाखोड न करता लिहिलं: ‘येत आहोत. वरची खोली नको, खालची दे. वरच्या मजल्याचा अ‍ॅक्सल कुठे असतो ते मला माहीत नाही.’

बायकोने खांद्यावरून वाचलं. "आपण संध्याकाळी पोचणार. हे पोचणार पुढच्या आठवड्यात. भाऊजींना तोंडानेच सांगा ना."

"तोंडावर मागायचं म्हणजे... कसंतरीच वाटतं."

"म्हणजे आज सगळं वर चढवायचं, आणि पत्र आलं की खाली उतरवायचं?"

ग्रंथपालांनी थोडा विचार केला, पावती खिशातल्या पाकिटात घातली आणि काट्याशेजारच्या टपालपेटीत पाकीट टाकलं.