डब्यानं वाढलं दोघांचं

"लाईट गेली तर जाऊ द्या! मनकर्णीच्या लग्नात भोंगा उन्हावर वाजंल!" भुजंगनं भर पारावर मांडी थोपटली.

पालमजवळच्या त्या गावाचा डीपी जळालेला. सख्ख्या पुतणीचं लग्न, पिंगळीचं वऱ्हाड आणि भोंगा मुका? शोभतं का! सरपंचांना विचारून भुजंगनं पंचायतीच्या टीव्हीच्या दोन सोलर प्लेटा आणि त्यांचा डबा मांडवात आणला. प्लेटांतलं ऊन बॅटरीत सोडायचं आणि बॅटरी भरली की बंद करायचं, हे त्या डब्याचं काम. टीव्हीच्या दोन्ही बॅटऱ्या मात्र मेलेल्या. मग सूर्यभानच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली.

"भुजंगा, नवरीपरीस नवी हाय. जपून!" सूर्यभाननं बजावलं.

वैशाखातलं ऊन सकाळपासून प्लेटांवर कोसळत होतं. ऐन दुपारी बॅटरी चहाच्या भगुन्यासारखी खदखदायला लागली! भोंग्यानं पाय चेंगरलेल्या डुकरासारखी किंचाळी फोडली आणि मान टाकली. मांडवभर नासक्या अंड्यांचा वास!

नवरदेवाचे मामा तात्याराव ताडकन उठले. "अंडी? आमी माळकरी माणसं! उठा रे, वऱ्हाड माघारी!"

"मामा, अंडी न्हाईत, तेजाब हाय!" भुजंग ओरडला.

"तेजाब? जेवणात?"

आता वऱ्हाडातल्या बायकाही उठल्या. मनकर्णीच्या बापाचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. तेवढ्यात सूर्यभान धावत आला. "माझ्या बॅटरीचा रस्सा करायलास व्हय रे?"

भुजंगनं आधी प्लेटांवर गोधडी टाकली. मग डब्याकडे बघत डोकं खाजवत बसला. "पोट भरल्यावर यानं ऊन बंद करायला पायजे. कामून करंना?"

त्याची बायको धुरपताबाई वरणाचा डाव हातात घेऊन उभी होती. "अवो, टीव्हीला बॅटऱ्या किती होत्या?"

"दोन. एकीला एक जोडलेल्या. बारा अन् बारा, चोवीस व्होल्ट."

"मग आज एकच पाव्हणा जेवायला हाय, हे डब्याला सांगितलं का? त्यो दोघांचं वाढायलाय!"

भुजंगनं कपाळावर हात मारून घेतला. बारा व्होल्टची बॅटरी चोवीसच्या वर कधी चढते, याची डबा वाट बघत होता आणि वाढतच होता!

त्यानं भराभरा एकीला एक जोडलेल्या प्लेटा सोडवल्या आणि शेजारीशेजारी जोडल्या. डब्याचं बटण चोवीसवरून बारावर फिरवलं. बॅटरी निवल्यावर तिच्यात बॅटरीचं पाणी ओतलं, भोंग्याच्या मशीनचा फ्यूज बदलला आणि देवाचं नाव घेऊन गोधडी ओढली. थोड्या वेळानं डबा 'टक्' वाजला. बॅटरीचं पोट भरलं, डब्यानं वाढणं थांबवलं! बॅटरी जेवल्या पाव्हण्यासारखी शांत. तात्यारावांनी स्वतः नाक लावून खात्री केली. वास न्हाई!

आणि मंगलाष्टकं दणाणली! लांबच्या शिवारातली बैलंसुद्धा थांबली म्हणतात. तात्यारावांनी भुजंगला उचलूनच घेतलं. "इंजिनेर हाय, इंजिनेर!"

"डोस्कं लागतं मामा, डोस्कं!" भुजंग फुगून म्हणाला.

पंगती बसल्या. भुजंगनं धुरपताबाईला भोंग्याच्या मशीनमागं बोलावलं आणि हळूच म्हणाला, "अगं, ती पाव्हण्याची गोष्ट तुला सुचली, हे कुणाला बोलू नको. माझी इज्जत जाईल."

साऱ्या पंगतीचे घास हातातच थांबले.

मंगलाष्टकांनंतर मशीनवर ठेवलेला माईक चालूच होता. आणि भोंगा इतका खणखणीत लागला होता, की शेजारच्या गावातही एक अक्षर हुकलं नाही!