खाऱ्या बुरुजाची फत्ते व सज्जातील पाढे

श्री.

जी शक्ती काळ्या पडद्याआड निजून असते आणि बटण दाबताच उजेड होऊन प्रगटते, तिचे स्मरण करोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य नवमी, मंदवासर म्हणजे शनिवार, ते दिवशीं चौथे प्रहरीं जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. जेथे ऐकीव आहे तेथे ऐकीव म्हणोन लिहिले आहे.

राज्य तिसऱ्या मजल्यावर होते. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. मध्ये दिवाणखाना, त्यात भिंतभर पडदा, पडद्याखाली खेळांचा कन्सोल, समोर सोफा, ज्याची एक स्प्रिंग बंड करोन वर आलेली. आणि पश्चिमेस काचेच्या दाराआड सज्जा, त्यात कढीपत्त्याची कुंडी व दोरीवर टॉवेल. या मुलखाचे धनी श्रीमंत निनादराव. कन्सोल त्यांचा म्हणोन गादी त्यांची. परंतु खरा अंमल मातुश्री सुनंदाबाईंचा, कारण वीज, चहा आणि दाराची कडी त्यांचे हातीं. सरदार दोन. एक इरफानखान, शाळेपासूनचे स्नेही, कोणताही खेळ हातीं आला कीं वावटळीसारखा संपवावा आणि वाटेत कोणाचे ऐको नये, ऐसा त्यांचा पराक्रम. दुसऱ्या वल्लरीबाई, पदार्थविज्ञानाची पदवी नुकतीच सर करोन आलेल्या. त्यांची रीत उलट. खेळात विहीर दिसली तर आधी दगड टाकून आवाज किती वेळाने येतो ते पाहावे, दार दिसले तर उघडण्याआधी ठोकावे, आणि म्हातारा दिसला तर त्याचे बोलणे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावे. यामुळे इतरांच्या दोन मोहिमा होत तों बाईंची अर्धी होई.

या राज्यात दर मंदवासरीं दरबार भरे, आणि ज्याने नुकताच खेळ संपविला असेल त्याने तो कैसा वाटला ते सांगावे, मग इतरांनी वाद घालावा, ऐसा शिरस्ता. परंतु कायदा कडक होता. खेळाच्या अखेरीस तो रचणाऱ्यांची नावे पडद्यावर सरकतात, ती नामावळी संपेपर्यंत जो बसला त्यासच बोलण्याचा अधिकार. आणि ज्याने शेवट पाहिला नाही त्याने त्या खेळाची चर्चा निघताच उठोन सज्जात जावे, दार लावोन घ्यावे, आणि काही कानीं पडत नाही याची खात्री पटावी म्हणोन मोठ्याने पाढे म्हणावे. हा कायदा खानसाहेबांनीच केला होता, कारण एके समयीं निनादरावांनी त्यांस एका खेळातील खुनी कोण ते जेवता जेवता सांगितले, आणि खानसाहेब ते आजवर विसरले नाहीत. कायदा सर्वांस सारखा, परंतु भोग वल्लरीबाईंचे वाट्यास. कोणताही खेळ त्यांचा संपला नव्हता, म्हणोन दरबारात त्यांचा शब्द आजवर उमटला नव्हता. सज्जातील कढीपत्ता त्यांचे पाढे ऐकोन वाढला, ऐसे मातुश्री म्हणत. हे ऐकीव आहे.

मागील मंदवासरीं 'खारा बुरूज' या खेळाची चर्चा निघाली आणि बाई रीतीप्रमाणे सज्जात गेल्या. या खेळात एक शिपाई खाडी ओलांडोन बेटावरील बुरुजाकडे जातो, आणि बुरुजावर दिवेवाला म्हणोन एक महाकाय राक्षस, एका हातीं कंदील व दुसऱ्या हातीं गदा घेऊन वाट अडवितो, त्याशी अखेरची लढाई. खानसाहेब म्हणाले, "मी त्याला लोळवला, कंदील विझला, सगळीकडे अंधार, आणि नावं सुरू! एवढा जीव काढला तो कशासाठी? काळोख बघायला?" निनादराव म्हणाले, "माझंही तेच. आणि तो नावाडी, बाप रे, काय बोलतो! मी तर बटण दाबून दाबून गप्प केला त्याला." मग दोघांनी एकमते खेळ टाकाऊ ठरविला, आणि चौकातील दुकानीं डिस्क देऊन बदल्यात मोटारशर्यतीची डिस्क आणावी, पुढील मंदवासरीं पाच वाजता, ऐसा हुकूम जाहला. वल्लरीबाई सतराचा पाढा म्हणत काचेतून पाहात होत्या. शब्द ऐकू आले नाहीत, परंतु खानसाहेबांनी हात उंच धरोन त्यावर फुंकर मारल्याचा अभिनय केला तो दिसला, आणि त्या 'सतरा चोक' येथे थांबल्या. दिवा विझतो, इतके त्यांस कळले. आणि नावाडी तर पहिल्याच फेरीत बोलला होता कीं वरचा दिवा विझला तर मला घरची वाट दिसायची नाही. ज्याने खेळ रचला त्याने हे वाक्य उगाच लिहिले नसेल, ऐसे त्यांचे मनीं आले. त्यांस हा खेळ सर्वांहून प्रिय होता, परंतु नामावळी पाहिल्यावाचून त्याचे बाजूने एक शब्द बोलण्याची त्यांस मुभा नव्हती. आणि डिस्क गेली म्हणजे ती मुभा कायमची गेली.

म्हणोन नवमीचे दिवशीं बाई जेवण होताच दाखल जाहल्या आणि म्हणाल्या, "निन्या, पाचपर्यंत मी खेळणार. बुरुजाच्या पायथ्याशी आहे." निनादराव म्हणाले, "खेळ की. पाचला मात्र मी चपला घालणार." दोघांनी शेवट पाहिला होता, म्हणोन त्यांस बसोन पाहण्याची सनद होती, आणि ते तमाशा पाहावयास बसले. मातुश्रीही मटार सोलण्याचे ताट घेऊन खुर्चीत बसल्या. मातुश्री कोणत्याही कायद्यात येत नसत.

शिपाई नावेत बसला, आणि नावाडी बोलू लागला, आणि खानसाहेब ओरडले, "दाब ना ते बटण!" बाई म्हणाल्या, "ऐकू दे." नावाडी म्हणाला, "वर जो दिवा धरून उभा आहे तो माझा धाकटा भाऊ. हलणाऱ्या माणसाचं त्याला भय वाटतं. रिकामा आणि शांत उभा राहील त्याला तो विचारतो, कोण तू?" खानसाहेब म्हणाले, "हे कधी म्हणाला तो?" बाई म्हणाल्या, "प्रत्येक फेरीला म्हणतो. तुम्ही त्याला बोलू द्याल तर ना."

मग शिपाई बुरुजावर गेला. बाईंचा नेम ऐसा कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने काय जाहले ते कळते. प्रथम तलवार म्यान केली आणि ढाल धरोन उभ्या राहिल्या. दिवेवाला आला आणि गदेखाली शिपाई चिरडला. दुसऱ्या खेपेस ढालही टाकली. पुन्हा चिरडला. निनादराव म्हणाले, "अगं, लढाईला आलीस की हळदीकुंकवाला?" खानसाहेब हसोन सोफ्यावर आडवे जाहले आणि स्प्रिंग लागोन उठले. तिसऱ्या खेपेस तलवार नाही, ढाल नाही, आणि दिवेवाला पायरीवर येताच बाईंनी कंट्रोलर सतरंजीवर ठेविला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. खानसाहेब ओरडले, "अगं धर! धर तो! मरशील!" दिवेवाला आला, क्षणभर थांबला, गदा हळूहळू उतरू लागली, परंतु पुन्हा वर गेली, आणि शिपाई चिरडला.

निनादराव म्हणाले, "झालं समाधान? घालू चपला?" परंतु बाईंची दृष्टी पडद्यावर नव्हती, सतरंजीवरील कंट्रोलरवर होती. त्या म्हणाल्या, "तो थांबला होता. मग आपला माणूस डावीकडे सरकला." खानसाहेब म्हणाले, "तूच सरकवला असशील." बाई म्हणाल्या, "माझे हात मांडीखाली होते. कोणी हात न लावता तो सरकतो, म्हणजे कंट्रोलरची, माणूस हलवायची कांडी झिजली आहे. निन्या, हा तुझा फुटबॉलचा कंट्रोलर ना?" निनादराव ओशाळले आणि म्हणाले, "हो, जरा डावीकडे ओढतो. पण खेळताना कधी जाणवत नाही." बाई म्हणाल्या, "कसं जाणवेल? हातातून खाली ठेवलायत कधी?" इतक्या मोहिमा जाहल्या, इतके राक्षस पडले, परंतु लढाई चालू असता कंट्रोलर खाली ठेवण्याचे कोणाही वीराचे मनीं आले नव्हते.

मग दुसरा कंट्रोलर काढिला, तो नवा होता, परंतु त्याची बॅटरी मेलेली. चार्जिंगची वायर शोधिली तों ती मातुश्रींचे मोबाईलला लावलेली, आणि मोबाईल मातुश्रींचे कानास लावलेला, आणि पलीकडे त्यांच्या भगिनी कुंदाबाई. हा प्रसंग बिकट. कुंदाबाईंचा फोन तोडणे या राज्यात आजवर कोणास साधले नव्हते. घड्याळात पाचास थोडेच कमी. वल्लरीबाई मातुश्रींसमोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, वायर हवी होती. त्या दिवेवाल्यासाठी." मातुश्रींनी त्यांचे मुखाकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले, मग फोनमध्ये म्हणाल्या, "कुंदे, ठेवते गं. नाही, कोणी आजारी नाही. इथे लढाई आहे. हो, खरीच!" आणि वायर काढोन बाईंचे हातीं दिली, आणि म्हणाल्या, "मघाशी तो मोठा थांबला होता, मी पण पाहिलं. तोंड कसं झालं होतं बिचाऱ्याचं." हे त्या दोघा वीरांनी पाहिले नव्हते.

मग नवा कंट्रोलर वायरीने कन्सोलास जोडिला, आणि पुन्हा खाडी, पुन्हा नाव, पुन्हा नावाडी, आणि या खेपेस त्याचे बोलणे सर्वांनी ऐकिले. शिपाई वर गेला. बाईंनी तलवार म्यान केली, ढाल उतरविली, आणि कंट्रोलर सतरंजीवर ठेविला. शिपाई जागचा हलला नाही. दिवेवाला पायऱ्या हादरवीत आला. गदा वर गेली. निनादराव पुटपुटले, "मेलीस." खानसाहेबांचा हात सवयीने कंट्रोलराकडे गेला, तों मातुश्रींनी त्यावर मटाराच्या शेंगेने चापट मारली आणि म्हणाल्या, "खबरदार, इरफान!" गदा खाली आली, शिपायाच्या डोक्यावर आली, आणि तेथेच थांबली. थांबली ती थांबलीच. मग त्या महाकायाने गदा हळूच भुईवर ठेविली, गुडघे टेकले, कंदील शिपायाच्या मुखाजवळ आणिला, आणि आजवर जो नुसता गुरगुरे तो माणसाच्या वाणीने म्हणाला, "कोण तू?" आणि त्याचे पाठीमागे, जेथे आजवर भिंत होती, तेथे दार उघडू लागले.

मग खानसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "हे... हे माझ्या वेळी नव्हतं." निनादराव म्हणाले, "माझ्याही." वल्लरीबाईंनी मान वळविली नाही. त्या म्हणाल्या, "नव्हतं ना? म्हणजे हा शेवट तुम्ही पाहिलेला नाही. मग उठा."

दोघांनी बहुत विनवण्या केल्या. निनादराव म्हणाले, "वल्ली, घर माझं आहे!" बाई म्हणाल्या, "आणि कायदा खानचा आहे." खानसाहेब म्हणाले, "एकच मिनिट, दारामागे काय आहे तेवढं..." बाई म्हणाल्या, "सतराचा येतो ना? एकोणतीसचा म्हण, म्हणजे लक्ष लागेल." मग गादीचे धनी आणि कायद्याचे कर्ते, दोघे मान खाली घालोन सज्जात गेले, आणि मातुश्रींनी स्वहस्ते कडी लाविली. पडद्याकडे पाठ करोन, टॉवेलांमध्ये उभे राहोन, त्यांनी आरंभ केला, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." आणि पुढे खानसाहेब अडखळले व निनादराव त्यांस चुकीचे सांगू लागले. खालच्या मजल्यावरील देशपांडेकाकू वर पाहोन ओरडल्या, "काय रे, लग्नाच्या वयात पाढे?" निनादराव म्हणाले, "काकू, शिक्षा आहे!" त्या म्हणाल्या, "बरं झालं. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

आत त्या समयीं जो शेवट जाहला तो येथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांत ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांस सज्जात धाडण्याचा अधिकार बखरकारास नाही. इतकेच लिहितो कीं पडद्याचा उजेड दिवाणखान्याच्या छतापर्यंत गेला, आणि खाडीवरून नावाड्याचे गाणे आले, आणि मातुश्रींचे ताटातील मटार तसेच राहिले. मग नामावळी सुरू जाहली. वल्लरीबाई सोफ्यावर, धन्याचे जागी, स्प्रिंग चुकवोन बसल्या होत्या, आणि एकेक नाव शेवटपर्यंत वाचीत होत्या. घड्याळात पाच वाजोन गेले. चपला दारीं तशाच होत्या.

नामावळी संपली आणि पडदा स्थिर जाहला. आता बाईंस बोलण्याचा अधिकार आला, इतक्या काळाने आला, आणि ऐकण्याचा अधिकार असलेला वीर एकही दरबारात नव्हता. तेव्हा मातुश्रींनी ताट बाजूस ठेविले, पदर सावरिला, खुर्ची सोफ्यासमोर ओढिली आणि म्हणाल्या, "हं. आता सांग, वल्लू. कसा वाटला तुला?" वल्लरीबाईंनी तोंड उघडिले, तों आधी हसू आले, मग डोळे भरोन आले, मग त्या म्हणाल्या, "काकू, मला वाटत होतं मी हळू आहे. तो तर वाटच बघत होता, कोणीतरी हळू येईल म्हणून." आणि तेथोन जे बोलू लागल्या ते दिवेलागणीपर्यंत, विहिरीत टाकिलेल्या पहिल्या दगडापासोन दारापलीकडील अखेरच्या वस्तूपर्यंत, आणि मातुश्रींनी मध्ये हुंकार भरिले व शंकाही विचारिल्या. सज्जातील वीर काचेस नाक लावोन पाहात होते, आणि पाढा पन्नाशीत शिरला होता.

येणेंप्रमाणे खाऱ्या बुरुजाची फत्ते जाहली. डिस्क दुकानीं गेली नाही. मोटारशर्यत राज्यात आली नाही. पुढील मंदवासरीं निनादराव नावेत बसले आणि खानसाहेबांनी नावाड्याचे बोलणे त्यांस मध्ये बटण दाबू न देता पूर्ण ऐकविले, आणि मग शेवट जवळ येताच स्वतः उठोन सज्जात गेले. वल्लरीबाईंस दरबारात पहिला मान मिळाला. कुंदाबाईंस सायंकाळीं फोन करोन मातुश्रींनी अवघी लढाई सांगितली, शेवट मात्र सांगितला नाही.