करीमचाचांचा एकच सवाल

करीमचाचांच्या टोपीच्या घडीत कायम दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प असतो. मुखेडात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणं हाच त्यांचा धंदा, तोही बिनकमाईचा. एसटी आली नाही की आम्ही कंट्रोलरशी भांडतो. चाचा "विचारू की" म्हणतात आणि हात टोपीकडे जातो.

मी बैलबाजारातला दलाल. दुसऱ्यांची जनावरं बांधता बांधता वर आलो, तो आवाजाच्या जोरावर. पण आईच्या वेळी आवाज चालला नाही. एका सरकारी दवाखान्यात गुडघेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी होती, त्यात तिचं नाव होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि तिच्या कानात रातकिडे वाजू लागले. डॉक्टर म्हणाले, "बाकी कुणाची तक्रार नाही. या वयात भास होतात." मी टेबलावर हात आपटला, त्यांनी शिपाई बोलावून मला बाहेर काढलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. आईनं मात्र कानाचं नाव काढणंच सोडलं. आपलंच डोकं फिरलं, असं तिनं धरून घेतलं.

पहिला अर्ज मीच ठोकला. बाजाराची रीत: दुप्पट सांगायचं, निम्म्यावर यायचं. कंपनीचे कागद, डॉक्टरांचा पगार, वॉर्डातले पंखे, सगळं मागितलं. अर्ज परत आला. एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत.

चाचा टोपी पडेपर्यंत हसले. "शेठ, कायदा काय बैल हाय व्हय, दात बघून भाव पाडायला? पाहिजे तेवढंच मागा. सवाल एकच."

"डॉक्टरला दोन शब्द तरी सुनवा."

"गुस्सा पोस्टात घालू नका. वजन वाढतंय."

आईच्या नावानं, तिच्या अंगठ्यानं अर्ज गेला: नावं वगळून, या चाचणीत किती जणांच्या कानाचा त्रास नोंदवला आहे? दवाखान्यानं 'गोपनीय' म्हणून झटकलं. "नावं मागितलीच कुठं?" म्हणत चाचांनी शांतपणे अपील केलं.

इथं त्यांची एक खोड सांगितली पाहिजे. अर्ज कुणाचाही असो, उत्तराचा पत्ता ते स्वतःचा घालतात. पोरं म्हणतात, ऑनलाइन करा. चाचा म्हणतात, "सही घ्यायला माणूस येतोय ना." चाची वारल्या, दोन्ही मुलं हैदराबादला. पोस्टमन आला की त्याला खुर्ची, चहा, आणि सगळ्या गावाची खबर घेतल्याशिवाय सुटका नाही.

आमचं उत्तर मात्र थेट आमच्या दारात आलं. आणखीही काही जणांचे कान वाजत होते. मी वाचून दाखवलं. आईनं दोनदा वाचायला लावलं आणि पोस्टमनलाच मोठ्यानं सांगितलं, "बघ रे बाबा, मी येडी न्हाई."

पेढे घेऊन चाचांकडे गेलो. विचारलं, "सगळ्यांचे जवाब तुमच्याकडं, आमचाच आमच्या घरी कसा?"

"कान तुमच्या आईचे. जवाब त्यांच्याच हातात पडाया पाहिजे." पेढा त्यांच्या हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, "पोस्टमन बसला होता का? चहा घेतला का त्यानं? काय काय बोलला?"

आम्हाला एकच सवाल शिकवणारा माणूस विचारतच राहिला. बाजारात माझी गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला बसलो.