ओरनूथची भाषा

"आज मी माझ्या देशात चाललोय!" लेखकाने इस्त्रीवाल्याला ऐटीत सांगितलं. "तिथली गावं, नद्या, डोंगर, सगळं माझंच!"

"मग कॉलर जरा जास्तच कडक करतो," इस्त्रीवाला म्हणाला.

ऐट उगाच नव्हती. लेखकाने टोपणनावाने लिहिलेल्या अद्भुत कादंबरीच्या वाचकांचं संमेलन होतं. बायको गेल्यापासून घरात बोलायला नुसत्या भिंती उरल्या होत्या. ओरनूथ, केमनूथ असली गावांची नावं त्याने स्वयंपाकघरात मोठमोठ्याने म्हणून बघितली आणि कानाला गोड लागली ती ठेवली. तेवढाच घरात आवाज! आज मात्र आपली माणसं भेटणार होती.

दारातच एका मुलीने हसून विचारलं, "केमा ओर लोर?"

"अं?"

"काका, तुम्हाला ओरनूथी येत नाही?"

मग तिनेच समजावलं. वाचकांनी म्हणे गावांच्या नावांची व्युत्पत्ती लावली होती. ओरनूथ नदीकाठी, केमनूथही नदीकाठी, तेव्हा नूथ म्हणजे नदी! असं करत करत व्याकरण झालं, शब्दकोश झाला आणि आता सभागृहभर माणसं त्या भाषेत खिदळत होती. एक जोडपं तर चक्क भांडत होतं!

"अहो, पण या नावांना काही अर्थच नाही!"

"कोणी सांगितलं?" शब्दकोशवाल्या बाई कडाडल्या.

"मी! मीच लेखक आहे!"

एकच हशा पिकला. "मागच्या वर्षी असे तिघे आले होते!"

त्याची रवानगी 'परदेशी' अशी पाटी लावलेल्या टेबलावर झाली. तिथे बाईंचा नवरा एकटाच पेंगत होता. लेखकाला अगदी रडू यायचं बाकी होतं. आपणच वसवलेल्या देशात आपल्याशी बोलायला कुणी नाही!

शेवटी बाईंनाच दया आली. "राजधानी वेशिलोर. वेशि म्हणजे वाट बघणं, लोर म्हणजे घर. वाट बघणारं घर. कळलं?"

लेखकाने मान खाली घातली. त्याच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

"शनिवारी वर्ग असतो, येत जा. वर्षाच्या शेवटी परीक्षा."

तो जाऊ लागला. तो चुकायचा, बाई रागवायच्या, सगळे मिळून त्याचे उच्चार सुधारायचे, मग चहा व्हायचा. परीक्षेत गडी सपशेल आपटला.

"वाईट वाटून घेऊ नका, काका," मुलगी म्हणाली. "पण आता पुन्हा वर्षभर यावं लागणार."

"अरेरे!" लेखक म्हणाला, आणि घरी जाताना वाटभर शीळ घालत गेला.