शरीरात धातू आहे काय?

सीवूड्सच्या तपासणी केंद्रात एमआरआयच्या फॉर्मवर सातवा प्रश्न होता, 'शरीरात धातू आहे काय?' हौसेराव सपकाळांनी 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म काउंटरकडे सरकवला. तो तिथे पोचायच्या आत राजाबाईंनी उचलला.

"न्हाई कसं म्हनता? मग कुल्ल्यात काय हाय, पेढा?"

रांगेतल्या चार माणसांनी मान वळवून पाहिलं. राजाबाईंनी 'नाही' खोडलं आणि सून सुनयनाकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं : होय. तोफगोळ्याचा तुकडा. कारगिल.

हौसेराव फौजेत स्वयंपाकी होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पाटणकडचं गाव सोडून कोपरखैरण्यात मुलाच्या घरी राहायला आले. त्यांची हकिगत बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होती. त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून स्वयंपाक्यालाही रायफल देऊन डोंगरावर पाठवलं. तिथे त्यांनी तिघांना लोळवलं. चौथा कुठे गेला ते बघायला मागे वळले आणि गोळा फुटला. हे मागे वळणं हकिगतीत नंतर आलं होतं. जखम पाठीमागे कशी, असं मेव्हण्याने एकदा विचारलं होतं, तेव्हापासून.

एमआरआयचं काम बघणारा उसामा बाहेर आला. "काका, आतलं चुंबक लय पॉवरफुल आहे. लोखंडाचा तुकडा असेल तर आतल्या आत सरकेल. मी नाही घेऊ शकत तुम्हाला."

हौसेरावांची कंबर महिनाभर धरली होती. त्यांनी आवाज खाली आणला. "आनि समजा, ॲल्युमिनियमचा असंल तर?"

"तर चालेल. पण तोफेचा गोळा ॲल्युमिनियमचा कुठे असतो, काका?"

"त्यांचं काय ऐकतो," राजाबाई म्हणाल्या. "कंबरंसंगं डोकं बी धरलंय त्यांचं."

परतीच्या रिक्षात सुनयना मोबाइलवर काहीतरी वाचत होती. "बाबा, तुम्हाला पराक्रम पदक नाही मिळालं? शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांना देतात म्हणे. तुम्ही तर एकदम पात्र आहात."

"आता कशाला ते. सव्वीस वर्सं झाली."

राजाबाईंनी एवढंच विचारलं, "अर्ज कुटं करायचा?"

दुसऱ्या दिवशी फौजेच्या कागदांसाठी ट्रंक उघडली. राजाबाई माजी सैनिकांच्या कार्यालयात तीनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा फोटो कमी होते, दुसऱ्यांदा फोटो होते पण सही नव्हती, आणि तिसऱ्यांदा तिथल्या कारकुनानेच उठून त्यांना खुर्ची दिली. हौसेराव तोवर गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथे पडून होते. सही मागितली की त्यांना डुलकी लागायची. राजाबाई पेन घेऊन शेजारी बसून राहायच्या. माणूस किती वेळ झोपेल.

अर्ज गेला. सोसायटीचे सेक्रेटरी विश्वजित घरी आले आणि येत्या सव्वीस जानेवारीला झेंडा काकांच्या हस्ते, असं सांगून गेले. हौसेरावांनी कंबरेचं कारण पुढे केलं.

"टेन्शन नका घेऊ काका, आम्ही दोघं धरून उभे राहतो ना," विश्वजित म्हणाले.

डिसेंबरात उत्तर आलं. सुनयनाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "उपलब्ध नोंदीनुसार सदर जवानास झालेली दुखापत ही लंगरात..." ती थांबली. पुढचं तिने मनात वाचलं आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"वाच की," राजाबाई म्हणाल्या.

"लंगरात कुकर फुटल्याने झालेली आहे. शत्रूच्या कारवाईशी संबंध दिसून येत नाही. सबब अपात्र."

मग पालथ्या पडलेल्या हौसेरावांनी उशीतच सांगून टाकलं. डोंगरावर ते कधी गेलेच नव्हते. पायथ्याशी, ताडपत्रीच्या लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, ते डाळ शिजवत होते. पलीकडे ओढ्याजवळ गोळा पडला, त्याच क्षणी पाठीमागचा कुकर फुटला आणि झाकणाचा तुकडा बसायच्या जागी घुसला. गावी सुट्टीवर आले तेव्हा पारावर चाळीस माणसं वाट बघत उभी होती. त्यांच्यासमोर कुकर म्हणायला जीभ वळली नाही.

"मला एकटीला तरी सांगायचं," राजाबाई म्हणाल्या.

"तुलाच सांगनार व्हतो. पन तू तवर आख्ख्या गावाला सांगितलं व्हतंस."

पुढचे दोन दिवस राजाबाई बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तिन्ही त्रिकाळ कुकर लावला. प्रत्येक शिट्टीला आतल्या खोलीत पलंग कुरकुरायचा. हौसेरावांना गोळ्याची कधी एवढी भीती वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. "गोळा खरंच पडला व्हता?"

"पडला व्हता."

"मग त्यो पडला नसता तर कुकर फुटला असता का?"

"तसं धरत न्हाईत, राजाबाई."

"ते मी बगते. तुमी उठा. भांड्याचाच तुकडा हाय म्हटल्यावर आता एमआरआयला काय अडचन? निदान कंबर तरी सुधरू दे."

सीवूड्सला हौसेरावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : ॲल्युमिनियम, कुकरचं झाकण. उसामाने ते दोनदा वाचलं.

"मागच्या वेळी तोफगोळा होता ना?"

"व्हता," राजाबाई म्हणाल्या. "आता न्हाई."

उसामाने आतून एक हातभर दांडकं आणलं. "हे फक्त लोखंडाला वाजतं. ॲल्युमिनियम असेल तर गप्प बसेल. मग घेतो तुम्हाला." त्याने ते हौसेरावांच्या खांद्यावरून, पाठीवरून खाली आणलं. डाव्या कुल्ल्यापाशी ते वाजलं. उसामाने खिसे रिकामे करायला लावले, पट्टा काढायला लावला, शेवटी दवाखान्याचा झगा घालायला लावला. ते वाजतच राहिलं.

"काका, तुमचं नक्की काय ते घरी ठरवून या," तो वैतागून म्हणाला, आणि त्यानेच त्यांना सर्जन डॉक्टर आरिफा यांच्याकडे पाठवलं.

डॉक्टर आरिफांनी एक्स-रे बघितला. तुकडा फार खोल नव्हता. कंबरेशी त्याचा संबंध असो वा नसो, काढला की तपासणीचा मार्ग मोकळा, असं त्यांनी सांगितलं. जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काम झालं. आतून बारीक 'टण' ऐकू आलं, तेव्हा राजाबाई दाराशीच उभ्या होत्या.

तुकडा करंगळीच्या नखाएवढा होता. काळा, जड, कडा फाटलेल्या. डॉक्टरांनी टेबलावरचं, कागद धरून ठेवायचं चुंबक जवळ नेलं. तुकडा उडी मारून त्याला चिकटला.

"कुकर असा नसतो, काका," त्या म्हणाल्या. "हे पोलाद आहे. हा तुकडा बाहेरून आला. वाटेत बहुतेक कुकरला लागला आणि मग तुम्हाला."

हौसेराव पालथेच होते. त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघता येईना, हे बरंच झालं. फौजेला त्यांनी खरं म्हणून सांगितलं होतं ते खोटं निघालं होतं, आणि घरी खोटं म्हणून सांगितलं होतं ते खरं. सव्वीस वर्षं ज्याची लाज धरली तो कुकर निर्दोष होता.

"डॉक्टरीनबाई," राजाबाई म्हणाल्या, "हे सगळं शिक्का मारून लिवून द्या."

अर्ज पुन्हा गेला, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि प्लास्टिकच्या डबीतल्या तुकड्याचा फोटो. सव्वीस जानेवारीचा झेंडा कंबरेच्या कारणावर टळला. एमआरआय झाला, कंबरेचे व्यायाम सुरू झाले. फेब्रुवारीत एका दुपारी दिल्लीहून फोन आला. राजाबाईंनी स्पीकर लावून मोबाइल नवऱ्यासमोर ठेवला. पलीकडचा अधिकारी मराठी होता.

"हवालदार साहेब, नोंदीत कुकर कुणी लिहिला?"

"डॉक्टरसायबांनी, सर. पन मीच सांगितलं तसं. मला तसंच वाटलं व्हतं."

"जखम दुपारी एकची. मलमपट्टीची नोंद रात्री आठची. सात तास कुठे होतात?"

ही गोष्ट हौसेरावांनी कुठल्याच हकिगतीत घातली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"वर बत्तीस जन व्हते, सर. दोन दिवस बिस्किटांवर. डाळ सगळी मातीत गेलेली. मग दुसरी चढवली, भात लावला. फडकं बांधलं आन् उभ्यानंच केलं सगळं, बसता येत नव्हतं. सांजच्याला पोरं येऊन डबे घेऊन गेली. मग गेलो मलमपट्टीला."

"गोळे थांबले होते तोवर?"

"न्हाई सर. पन भाताला तेवढा येळ लागतोच."

अधिकारी म्हणाला, "ठीक आहे. हे असंच्या असं लिहून पाठवा."

राजाबाई पदराने मोबाइलची काच पुसत राहिल्या.

मे महिन्यात पत्र आलं : पात्र. त्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका बाहेरच्या खोलीत जमल्या. हौसेराव आत व्यायाम करत होते. भिंतीपलीकडून राजाबाईंचा आवाज स्वच्छ येत होता. हकिगतीतून डोंगर गेला होता, रायफल गेली होती, आणि ते तिघेही गेले होते.

"अंगातनं रगत वाहतंय," राजाबाई सांगत होत्या, "वरनं गोळं पडत्यात, आन् ह्यांनी एका हातानं दोनशे मानसांचा सैपाक केला."

हौसेरावांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "बत्तीस," ते हळूच म्हणाले.

"तुमी ऱ्हावा गप," राजाबाई म्हणाल्या. "तुमाला कुटं काय धड आठवतंय? कुकर म्हनत व्हता."